तिघांची जेजुरी

जेजुरीला गेले तिघं आणि पुस्तक झालं एकाचं. १९६३ च्या सुमाराची गोष्ट. अरुण कोलटकर, त्यांचा भाऊ मकरंद आणि मित्र मनोहर ओक. नवस नव्हता, कुलाचार नव्हता, कुणाची नवी सून पायावर घालायची नव्हती. कोलटकरांनी देवस्थानांवरच्या एका पुस्तकात खंडोबाबद्दल वाचलं, जाऊन बघावंसं वाटलं आणि दोघं सोबतीला निघाले, एवढंच. ‘जेजुरी’ हे त्यांचं इंग्रजी कवितांचं पुस्तक उघडलं की आधी एस.टी. लागते, ताडपत्रीच्या फडफडाटासकट. शेवटी रेल्वे स्टेशन लागतं, जिथे पुढची गाडी कधी येणार हे कुणी धड सांगत नाही. मध्ये एका दिवसाचं ऊन, पडकी देवळं, दगड, पुजारी, कुत्री, कोंबड्या.

त्या तीसेक कवितांमध्ये दोन छोट्या कवितांची नावं आहेत ‘मनोहर’ आणि ‘मकरंद’. सोबत आलेल्यांना पुस्तकात मिळालेली जागा ती एवढीच. मी मात्र ‘जेजुरी’ हातात घेते तेव्हा बहुतेक वेळा आधी याच दोन कविता काढते. बाकीच्या कवितांवर खूप लिहून झालंय. प्राध्यापकांनी श्रद्धा-अश्रद्धेचा काथ्याकूट केला, अभ्यासक्रमात लागल्यावर गाइडं निघाली. या दोन कवितांवर गाइडवाल्यांनाही फारसं काही सुचत नाही, कारण त्यांत ‘आशय’ म्हणून परीक्षेत लिहिण्यासारखं काही नाही.

‘मनोहर’मध्ये घडतं ते इतकंच. एक दार उघडं असतं. मनोहरला वाटतं, हे आणखी एक देऊळ. आत कुठला देव आहे म्हणून तो डोकावतो, तर आतून एक वासरू डोळे मोठे करून त्याच्याकडे बघतं. तो चटकन मागे वळतो आणि सांगतो की देऊळ नाही, गोठा आहे. संपली कविता. देऊळ आणि गोठा यांत जेजुरीत फार फरक उरलेला नाही, असा अर्थ यातून कुणीही काढील. मला त्याहून नवल वाटतं ते हे की कोलटकरांनी हा शोध स्वतःच्या नावावर लावला नाही. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत सगळं काही ‘मी’ला दिसतं आणि सोबतीचा माणूस डबा उघडण्यापुरता येतो. इथे बघणारा मित्र आहे, फसणारा मित्र आहे आणि खुलासा करणाराही तोच. कवी मागे कुठेतरी उभा राहून ऐकतोय.

‘मकरंद’ याहून गमतीची. पूजेला आत जायचं तर सदरा काढावा लागणार. एक जण म्हणतो, मला नको, तुला जायचं तर तू जा. मात्र जाण्याआधी काडेपेटी देऊन जा, मी अंगणात बसतो, तिथे ओढली तर कुणी काही म्हणणार नाही. आता हे बोलतंय कोण? शीर्षकात मकरंद आहे. म्हणजे मकरंद बोलतोय आणि कवी आत जातोय? की कवी बाहेर बसतोय आणि मकरंदला उद्देशून हे चाललंय? पुस्तकात कुठेच स्पष्ट केलेलं नाही. बहुतेक वाचक धरूनच चालतात की बाहेर थांबणारा कोलटकरच, कारण आधुनिक कवी देवळात जात नाही अशी आपली समजूत. मला ते तितकं नक्की वाटत नाही. सबंध पुस्तकभर हा माणूस प्रत्येक गाभाऱ्यात डोकावतो, काडीच्या उजेडात अंधारातल्या मूर्तीचे हात मोजतो. आत काय आहे याची त्याच्याइतकी उत्सुकता दुसऱ्या कुणाला नाही.

कोण आत गेलं आणि कोण बाहेर राहिलं, ते असो. त्या काडेपेटीवर माझा जीव आहे. दोघांत काडेपेटी एकच. एकाला देवाकडे जायचंय, दुसऱ्याला सिगारेट पेटवायचीय. यावर वाद नाही, टोमणा नाही, ‘तुला काही वाटत नाही का’ हा आपल्या घराघरातला प्रश्न नाही. तू जा, मी आहे इथे. एकाच अंगणात इतक्या निवांतपणे वेगळं राहता येणं भावाभावांत दुर्मीळ आणि मित्रांतही फार सोपं नाही.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, पाण्याच्या पिंपाला टेकून. कॉलेजात बी.ए.ला लागलं होतं. फणसवाडी म्हणजे एका अंगाला जगन्नाथ शंकरशेट रस्त्याचं मराठी गिरगाव आणि दुसऱ्या अंगाला सी. पी. टँक, माधवबाग, भुलेश्वरचा गुजराती-मारवाडी बाजार, या दोहोंच्या मधली चिंचोळी वस्ती. त्यात व्यंकटेशाचं देऊळ, तेही थेट दक्षिणेकडून उचलून आणल्यासारखं, गोपुरासकट. सकाळी नळाला पाणी यायच्या सुमाराला देवळातून नादस्वर ऐकू यायचा. मोलकरणी, हंडे, कुणाचा तरी रेडिओ आणि त्यावर तो तमिळ मंगल स्वर. ब्रह्मोत्सवात वाहनावर बसून देव रस्त्यात यायचा तेव्हा आमच्या चाळीतल्या कोकणस्थ-देशस्थ आज्या गॅलरीतूनच हात जोडायच्या. त्यांचं दैवत कोकणात किंवा घाटावर कुठेतरी, आणि दारातला देव तिरुपतीचा. कुणाला त्यात विसंगत काही वाटत नसे.

त्यामुळे ‘जेजुरी’तली जी दृश्यं समीक्षकांना चमत्कारिक वाटली, ती मला घरची वाटली. पुस्तकात एक मोडकं दार आहे. एका बिजागरीवर कसंबसं लटकलेलं, आणि त्याच्या खांद्यावर कुणीतरी चड्डी वाळत घातलेली. यात कुणाला ख्रिस्त दिसतो, कुणाला श्रद्धेचा ऱ्हास. मी गॅलरीत डोकं वर करून बघितलं तर आमच्याही दारावर भावाचा टॉवेल आणि बाबांचा बनियन होता. चाळीत दाराचं पहिलं काम कपडे वाळवणं हेच. बंद करायची वेळ रात्री झोपतानाच यायची, आणि तेव्हाही आधी त्याच्यावरचं सगळं उचलून कॉटवर टाकावं लागे.

आणि वासरू म्हणाल तर तेही पायी अंतरावर होतं. भुलेश्वरचा पांजरपोळ, १८३४ सालचा. सरकारनं भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, त्यावरून १८३२ मध्ये मुंबईत पारशी लोकांनी दंगल केली, आणि त्यानंतर जमशेटजी जीजीभाईंनी शहरातल्या मोकाट जनावरांसाठी ही जागा उभी करून दिली. बाजाराच्या ऐन गर्दीत, साड्यांच्या आणि इमिटेशन दागिन्यांच्या दुकानांमागे, एकाएकी शेणाचा वास आणि गाईंच्या रांगा. मैत्रिणीची आजी आम्हा दोघींना एकादशीला तिथे चारा घालायला न्यायची. आत शिरताना चप्पल काढायची की नाही, हे मला त्या वयात दर वेळी विचारावं लागे. चारा विकणाऱ्या बायका, हात जोडणारी माणसं, घंटा वाजत नाही इतकंच. मनोहर ओकांना जेजुरीत जो प्रश्न पडला तो भुलेश्वरातही पडला असता.

गिरगावात राहून या पुस्तकाचा पत्ता मला उशिरा लागावा यालाही कारण होतं. आमच्या बाजूच्या खटाववाडीत मौज, म्हणजे ‘सत्यकथा’. मराठी कविता म्हणजे काय हे जिथे ठरायचं ते ठिकाण आमच्या पायाखालच्या गल्लीत. मुंबई मराठी साहित्य संघ केळेवाडीत, नाक्यावर मॅजेस्टिक. वाङ्मय आमच्याकडे भाजीसारखं दारात येत होतं, आणि आलेलं सगळं निवडून आलेलं. कोलटकरांची मंडळी त्या निवडीच्या बाहेरची. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी ‘शब्द’ हे नियतकालिक काढलं ते चक्रमुद्रित करून. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या दोस्तांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो खटाववाडीतच. चाळीतले एक काका ही हकिकत सांगताना अजून संतापायचे. ‘वाचायची नाही तर नका वाचू, जाळता काय?’ हा त्यांचा मुद्दा तसा बिनतोड होता. पण त्यामुळे ‘जेजुरी’ हे नाव मी घरात ऐकलं ते फक्त कुलदैवताचं म्हणून.

माझं नव्हे, मैत्रिणीच्या सासरचं. ती आमच्याच मजल्यावरची, माझ्या बरोबरीची. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं आणि लगेच जोडीनं जेजुरीला जायचं ठरलं. सोबत मीही. करवली म्हणून नव्हे, करवलीचं काम लग्नातच संपलं होतं. तिनं सासूबाईंना सांगितलं की हिला कवितेसाठी जेजुरी बघायचीय, आणि त्या बिचाऱ्या माउलीला ते कारण धार्मिक वाटलं. पहाटे ठाकूरद्वारच्या नाक्यावरून मिनीबस निघाली. खंडाळ्याला चहा, पुण्यापुढे दिवे घाट, सासवड, आणि मग डावी-उजवीकडे ज्वारीची शेतं. पर्समध्ये कोलटकरांचं पुस्तक होतं. बसमध्ये अंताक्षरी चालली होती. पुस्तकातल्या बसमधला तो गंभीर म्हातारा आणि त्याच्या चष्म्यात दिसणारा स्वतःचाच दुभंगलेला चेहरा यांच्याशी आमच्या बसचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं.

गडाच्या पायथ्याशी नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. मैत्रीण अंगानं भरलेली आणि नवरा पोस्टाच्या परीक्षेला बसून बसून वाळलेला. खालून दीरमंडळी ‘येळकोट येळकोट’ करतायत, फोटोवाला ‘साहेब, इकडे बघा’ म्हणतोय, आणि हा माणूस ओठ घट्ट मिटून तिसऱ्या पायरीवर असा काही थांबला की आता दोघं मिळून थेट कऱ्हेच्या पात्रात जातात असं वाटावं. पाच झाल्या. कशा झाल्या ते खंडोबाला ठाऊक.

वर गर्दी होती. दीपमाळा, ते प्रचंड कासव, हवेत उडणारा भंडारा. पाच जणांनी ताटाला हात लावून तळी उचलली. पुरुषांचं काम ते. बायका मागे. मी बाहेर पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले. आत जायला मला कुणी अडवलं नव्हतं, आग्रहही केला नव्हता. आत जाताना मैत्रिणीनं पर्स माझ्याकडे टाकली आणि म्हणाली, ‘तू बस, मी येते.’ त्या क्षणी मला ती काडेपेटीची कविता आठवली असं मी इतकी वर्षं सांगत आलेय. मग पुस्तक काढलं. भंडाऱ्याच्या हातांनी पानं उलटली, त्यांवर बोटं उमटली, ती अजून आहेत. हळद पुसली की आणखी पसरते.

ती बाहेर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होती आणि डोळे लाल. मी विचारलं नाही.

‘जेजुरी’वर भालचंद्र नेमाड्यांनी घेतलेला एक आक्षेप प्रसिद्ध आहे. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीयांविरुद्ध १९८५ च्या एका लेखात त्यांनी कोलटकरांचा समाचार घेतला. हा कवी मुंबईहून सुट्टीपुरता आलेल्या पर्यटकासारखा येतो आणि जातो, पिढ्यान्‌पिढ्या इथे येणाऱ्यांच्या श्रद्धेशी त्याला देणंघेणं नाही, असा त्याचा मथितार्थ. नेमाड्यांशी भांडण्याइतकी माझी प्राज्ञा नाही. पण पायरीवर बसून मी जे पाहिलं त्यात सगळेच तर सुट्टीचे आले होते. रविवार होता म्हणून इतकी गर्दी. आमच्या मिनीबसमधल्या बारक्या पोरापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना सोमवारी कामावर, शाळेत किंवा नळावर हजर व्हायचं होतं. धनगर-मेंढपाळांचं आणि खंडोबाचं नातं निराळं. सोमवतीला पालखीबरोबर कऱ्हेवर जाणारे निराळे. आम्ही गिरगावकर मात्र तळी भरून, मिसळ खाऊन, प्रसादाचे पुडे बांधून रात्रीच्या आत घरी. कोलटकर पर्यटक होते हे मला कबूल आहे. त्यांनी ते लपवलं नाही, हेही सोबत नोंदवावं. एक म्हातारी त्यांच्या सदऱ्याला लोंबकळते, पन्नास पैशांत देवाच्या घोड्याच्या टापेची खूण दाखवते म्हणते, आणि तिला झटकायला निघालेला हा शहरी माणूस तिच्या डोळ्यांकडे बघता बघता स्वतःच चिल्लर होऊन जातो. ज्याला देणंघेणं नाही त्याच्याकडून हे होत नाही.

या पुस्तकाबद्दल मला कळलेली सगळ्यात चकित करणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. आज आपण वाचतो ती ‘जेजुरी’ त्या दिवसाच्या ताज्या आठवणीतून उतरलेली नाही. जाऊन आल्यावर लिहिलेल्यांपैकी ‘अ लो टेम्पल’ ही कविता ‘डायोनिशस’ नावाच्या एका अल्पायुषी नियतकालिकात आली. पुढे तो अंकही गेला आणि मूळ हस्तलिखितही हरवलं. कोलटकरांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कविता पुन्हा उभ्या केल्या, १९७४ मध्ये त्या एका इंग्रजी त्रैमासिकात छापून आल्या आणि १९७६ मध्ये पुस्तक झालं. दुसऱ्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार. म्हणजे वासराचे डोळे, काडेपेटी, दारावरची चड्डी हे सगळं दहाएक वर्षं डोक्यात राहून आलेलं.

दहा वर्षांत काय काय होतं? जी गोष्ट आपण पाहिली ती, जी दुसऱ्यानं पाहून आपल्याला सांगितली ती, आणि रात्री घरी आल्यावर हसत हसत दहा वेळा चघळली ती, या तिन्ही एकमेकींत मिसळतात. गोठ्यात डोकावणाऱ्या मनोहरचा चेहरा कोलटकरांनी स्वतः पाहिला असेल, किंवा मनोहरनंच पुढे मित्रांच्या अड्ड्यावर, वेसाइड इनमध्ये बसून तो किस्सा रंगवला असेल. मकरंदला आपली कविता कशी आठवत असेल? ‘मी असं म्हणालोच नव्हतो, काडेपेटी माझीच होती,’ असंही कदाचित. माझा आपला एक ग्रह आहे की आठवणींच्या कवितेतला चांगला कवी तो, जो सोबत्यांना असं म्हणायला जागा ठेवतो. ‘जेजुरी’त ती ठेवलेली आहे. बोलणारा कोण हे न सांगून ठेवलेली आहे.

मैत्रीच्या बाबतीत कोलटकरांना नशीबवान म्हणावं की हुशार, मला ठरवता येत नाही. प्रभादेवीला एका खोलीत राहणारा हा माणूस, जाहिरातींच्या दुनियेत नावाजलेला, आणि घरी टेलिफोन नाही. भेटायचं असेल त्यानं गुरुवारी दुपारी काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये यावं. पुस्तकं निघाली तीही मित्रांच्या हातून. इंग्रजी ‘जेजुरी’ ‘क्लिअरिंग हाउस’नं काढली. ही संस्था म्हणजे आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि कोलटकर, चार कवी एकमेकांचे प्रकाशक झालेले. वेष्टनं कोलटकरांनी केली. मराठीची बाजू अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’नं सांभाळली. २००३-०४ च्या त्या विलक्षण काळात, आजार शेवटाला आलेला असताना, ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’, इंग्रजीतली ‘सर्पसत्र’ आणि ‘काळा घोडा पोएम्स’ ही सगळी एकापाठोपाठ बाहेर पडली ती शहाणे होते म्हणून. २५ सप्टेंबर २००४ ला कोलटकर पुण्यात गेले. मराठी ‘जेजुरी’ही प्रासनंच काढली, कोलटकरांच्या माघारी. ज्याला आयुष्यभर प्रसिद्धीचा कंटाळा, त्याची पुस्तकं इतक्या निगुतीनं निघावीत, हे एकट्या माणसाच्या बळावर होत नाही.

यातल्या ‘चिरीमिरी’त सोबती आणि कवी यांची जागा पार बदलून जाते. तिथे बळवंतबुवा आहेत, भजन गाणारे, कोलटकरांचे दोस्त. बुवांकडे हकिकतींचा साठा होता आणि कोलटकरांकडे ऐकायला वेळ. पंढरीची वाट, तिच्यावरच्या बाया, बुवांची टाळकरी माणसं, विठोबाशी चाललेलं उघडंवाघडं बोलणं. ‘जेजुरी’त कवी स्वतः गेला आणि मित्र त्याच्या सोबत. ‘चिरीमिरी’त प्रवास मित्राचा, आठवण मित्राची, कवी नुसता कानानं गेलेला. मराठीत ही जुनी रीत आहे. बोलणारा एक, लिहून घेणारा दुसरा. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून लोकांकडून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या याच रीतीनं. मला ‘चिरीमिरी’ कोलटकरांचं सगळ्यात मायाळू पुस्तक वाटतं. ‘भिजकी वही’ मोठी, साहित्य अकादमीनं २००५ मध्ये तिचा गौरव केला तो योग्यच होता. पण ‘भिजकी वही’तल्या रडणाऱ्या बायका जगाच्या इतिहासातून आलेल्या, आणि बुवा बाकड्यावर शेजारी बसलेले.

मनोहर ओकांचं काय झालं हे लिहायला हात आखडतो. ‘मन्या ओक’ म्हणून ओळखले जाणारे हे कवी, ‘अंतर्वेधी’ आणि ‘चरसी’ या कादंबऱ्यांचे लेखक, कोलटकरांच्या आधीच गेले. त्यांच्या कविताही मित्रांनीच गोळा करून छापल्या. मराठी वाचकांतले बरेच जण त्यांना ओळखतात ते एका इंग्रजी कवितेत गोठ्यात डोकावलेला माणूस म्हणून. स्वतः इतकं तीव्र लिहिलेल्या माणसावर हा अन्यायच. तरी त्या कवितेत कोलटकरांनी त्यांचं कसलंही चित्र रंगवलेलं नाही. ना व्यसन, ना अवलियेपणा, ना कवीची शोकांतिका. उन्हात, एका उघड्या दारापाशी, उत्सुक. मित्रावर लिहिताना आपण सहसा त्याचा शेवट माहीत असल्यासारखं लिहितो. कोलटकरांनी दुपार लिहिली.

फणसवाडीतली आमची चाळ आता नाही. मैत्रीण ठाण्याला, मी दादरला. अधूनमधून व्यंकटेशाच्या देवळाशी भेटतो, कारण दोघींना सोयीचं असं गिरगावात तेवढंच जुनं उरलंय. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावात जमिनीखालून मेट्रो येते. तिच्या कामात कुणाकुणाची घरं गेली त्याची उजळणी करत आम्ही सी. पी. टँकपर्यंत चालत जातो. ती आत दर्शनाला जाते, मी बहुधा बाहेर थांबते. चपला आता टोकन देऊन ठेवतात, त्यामुळे मला काही काम नसतं.

मराठी ‘जेजुरी’ मी तिला वाचायला दिली. तिला कविता फारशा आवडत नाहीत, हिशेब आवडतात, बँकेत होती. पुस्तक परत करताना म्हणाली, ‘सगळं आहे, पण तिघांच्या तिकिटाचे पैसे कोणी काढले ते कुठेच नाही.’ मग म्हणाली, ‘तू लिहिशील तेव्हा असलं काही वगळू नकोस.’

म्हणून हा लेख छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवला. तिच्या हरकती बऱ्याच निघाल्या. मिनीबस ठाकूरद्वारहून नव्हे, प्रार्थना समाजाच्या सिग्नलपाशी उभी होती. मिसळ खाल्ली नव्हती, सासूबाईंनी पुऱ्या आणल्या होत्या. नवरा तिसऱ्या पायरीवर थांबला नव्हता, मीच ओरडल्यामुळे सगळे बघायला लागले. ‘तू बस, मी येते’ असं ती म्हणालीच नाही. ती म्हणाली होती, ‘चल ना आत’, आणि मीच नको म्हटलं.

‘आणि डोळे लाल होते ते भंडाऱ्यानं,’ ती म्हणाली. ‘रडले नव्हते. हे लिही.’

हे लिहिलं. मिसळीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे.